रांजण, सुरई आणि मुकी शाळा

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ती घडली तेव्हा कित्येक डोंगरांची नावंसुद्धा ठरायची होती. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं करून ऐकावी.

तर त्या काळी एका डोंगराळ राज्यात एक जलशाळा होती. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून गावात कसं आणायचं, एवढं एकच तिथे शिकवत. पण तेवढं शिकायलाही मुलांना वर्षंच्या वर्षं लागत, कारण पाणी दिसतं साधंभोळं आणि असतं मोठं बेरकी.

या शाळेच्या गुरुजींना सगळे धाकटे गुरुजी म्हणत. त्यांचे केस पिकले होते, गुडघे कुरकुरू लागले होते, तरी ते धाकटेच राहिले. त्यांच्याआधी तिथे थोरले गुरुजी होऊन गेले होते ना! थोरल्यांच्या जागेवर बसलेला माणूस जन्मभर धाकटाच राहतो, आणि धाकट्या गुरुजींना त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. थोरल्या गुरुजींवर त्यांचा जीव होता.

संध्याकाळी शाळा सुटली, की धाकटे गुरुजी अंगणातल्या चिंचेखाली एकटेच बसत आणि मग त्यांना ते दिवस आठवत.

थोरल्या गुरुजींची शाळा ती शाळा कसली, आठवड्याचा बाजारच! सकाळी ते दोन भांडी मांडायचे, मधे मातीची नळी बसवायचे आणि नळीला बोळा घालायचे. मग कमरेवर हात ठेवून विचारायचे, "बोला, बोळा काढला तर काय होईल?" उत्तर तोंडानं द्यायचं नाही. झाडाखालचा चिंचोका उचलायचा आणि आपल्याला जे वाटतं, त्या बाजूच्या रिंगणात टाकायचा. सगळ्यांचे चिंचोके पडले, की गुरुजी म्हणायचे, "आता शेजाऱ्याला पटवा."

मग काय विचारता! अंगणात नुसता कल्लोळ. कुणी काडीनं मातीत आकृत्या काढतोय, कुणी शेजारणीशी हमरीतुमरीवर आलाय, कुणाला मधेच दुसऱ्याचं पटतंय आणि तो गुपचूप आपला चिंचोका हलवतोय. हे सगळं मनसोक्त झाल्यावर मग बोळा निघायचा. जे काय सांगायचं ते पाणी सांगायचं. गुरुजी बाजूला उभे राहून मिशीत हसायचे. मुलं घरी जायची ती ओल्या कपड्यांनी आणि बसलेल्या घशानं.

एके दिवशी थोरल्या गुरुजींनी एका बाजूला पोटभर पाण्याचा मोठा रांजण ठेवला आणि दुसऱ्या बाजूला रांजणाएवढीच उंच, बारीक मानेची रिकामी सुरई. दोघांची बुडं जमिनीला सारखी टेकलेली आणि खालून नळीनं जोडलेली. धाकटे गुरुजी तेव्हा खरोखरच धाकटे होते. ते छातीवर हात मारून म्हणाले, "एवढा मोठा रांजण! तो पाण्याला असा रेटा देईल, की सुरईच्या तोंडातून कारंजं उडेल!" बोलण्यात ते हुशार, त्यामुळे सगळ्यांनी आपापले चिंचोके त्यांच्या बाजूला आणून टाकले. बोळा निघाला. पाणी सुरईत चढलं आणि रांजणाइतक्याच उंचीवर येऊन शांत उभं राहिलं. ना कारंजं, ना काही.

सगळी मुलं खो खो हसली. धाकट्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते चिंचेमागे जाऊन रडत बसले. थोडा वेळ गेला, तसे थोरले गुरुजी आले आणि शेजारी मातीतच मांडी घालून बसले. रागावले नाहीत की समजूत घातली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला तसं का वाटलं रे, बाळ?"

तो आवाज आठवला, की धाकट्या गुरुजींच्या डोळ्यांत अजून पाणी यायचं.

पण माणसाचं मन कसं असतं पाहा. जे रडू त्यांना घडवून गेलं, ते रडू आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये असं त्यांना वाटलं. शाळा हाती आली, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपल्या अंगणात कुणाचं हसं होणार नाही. थोरल्या गुरुजींची सगळी उत्तरं त्यांनी प्रेमानं गोळा केली आणि त्यांच्या ओव्या रचल्या, म्हणजे एकही शब्द वाया जायला नको. रांजण आणि सुरई ते अजूनही मांडत. पण बोळा काढण्याआधीच सांगत, "बघा हं, पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहील." पाणी तसंच उभं राही. मुलं माना डोलावत आणि एका सुरात ओवी म्हणत:

पाणी न मानी लहान-थोर । पाणी न जाणे बळ वा जोर ।
उगमी जितुकी उंचीची कोर । तितुकीच टोकी ॥

कुणी चुकत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. अंगण कोरडं ठणठणीत आणि शाळा दुपारच्या आत मोकळी. येणारेजाणारे म्हणत, "वा! काय शिस्त आहे!" आणि संध्याकाळी धाकटे गुरुजी चिंचेखाली बसून सुस्कारा टाकत, "गेले ते दिवस." आता यांना कोण सांगणार, की दिवस आपल्या पायांनी गेले नव्हते. गुरुजींनीच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं आणि वर दाराला कडी घातली होती.

असं चाललं असताना एक दिवस राज्याच्या राणीसरकारांकडून शाळेला बोलावणं आलं.

त्या राज्यात एका उंच टेकाडावर कुंभारांचं गाव होतं. माती अशी सोन्यासारखी, की तिथलं मडकं वाजवलं तर घंटेसारखं वाजे. पण गावातली विहीर आटली होती. बायका खालच्या ओढ्यावरून डोक्यावर पाणी वाहायच्या आणि निम्मं पाणी चिखलातच जायचं. गावाची म्होरकी होती ठकूबाई. वयानं म्हातारी, अंगानं काटक आणि जीभ अशी तिखट, की मिरचीनं लाजावं. ती दरबारात उभी राहून म्हणाली, "सरकार, कारभारी म्हनत्यात गाव खाली हलवा. खाली काळी माती. तिचं मडकं भट्टीत घातलं की तडकतं. कुंभाराला त्याच्या मातीवरनं उठवलं, तर त्यो नुसता हमाल उरतो. आमाला पानी द्या, नायतर सरळ सांगा की तुमी आता कुंभार न्हाई म्हनून."

राणीसरकारांनी विचार केला आणि निवाडा दिला, "जलशाळेनं पाणी चढवावं. पाडव्यापर्यंत पाणी आलं तर गाव वरच राहील. नाही आलं, तर पाडव्यालाच गाड्या भरायच्या. पुढचा उन्हाळा मी माझ्या लेकीसुनांना त्या चढावर मरू देणार नाही."

धाकट्या गुरुजींनी या कामाला आपली सगळ्यात हुशार शिष्या निवडली. तिचं नाव भिवरा. शाळेतल्या साऱ्या ओव्या तिला उलट्यासुलट्या पाठ. निघण्याआधी गुरुजींनी तिची परीक्षा घेतली, म्हणजे ओव्या म्हणून घेतल्या. भिवरा एका अक्षराला अडखळली नाही. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निश्चिंत मनानं तिला सोबत्यांबरोबर पाठवून दिलं. स्वतः टेकाडावर जाऊन पाहायची त्यांना गरजच वाटली नाही.

टेकाडासमोर एक मोठा डोंगर होता. त्याच्या कुशीत म्हशी डुंबाव्यात एवढं एक रुंद टाकं होतं, आणि त्याच्याही वर, कड्याच्या खोबणीत, करंगळीएवढ्या धारेचा एक झरा होता. भिवरानं दोन्ही पाहिलं आणि मोठं टाकं पसंत केलं. तिनं ते आणखी रुंद करून घेतलं. कुंभारांनी हिवाळाभर नळ भाजले. टाक्यापासून डोंगर उतरून, दरी ओलांडून, टेकाड चढून गावच्या हौदापर्यंत नळ बसले. जोडांना चुना बसला. होळीच्या दिवशी पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा राणीसरकार आल्या आणि धाकटे गुरुजीही आले.

हौदाभोवती सगळं गाव गोळा झालं होतं. बायकांनी घागरी घासून पुसून आणल्या होत्या. समोरच्या डोंगरावरून हाळी आली, "सोडलं हो!"

सगळ्यांनी नळाच्या तोंडाकडे डोळे लावले. नळातून आधी वारा आला. मग गडगड आवाज आला. पोरं टाळ्या पिटायला लागली. मग आवाज थांबला आणि काहीच आलं नाही.

लोक वाट पाहत राहिले. ऊन चढलं. शेवटी चढावर नळाला ठेवलेली झाकणं एकेक करून उघडून पाहिली. खालच्या झाकणाखाली पाणी होतं. त्याच्या वरचं झाकण उघडलं तर आत कोरडं. पाणी गावाच्या पायाशी येऊन उंबऱ्याबाहेर पाहुणा अडावा तसं अडलं होतं.

बायका रिकाम्या घागरी घेऊन मुकाट्यानं घराकडे वळल्या. ठकूबाई मात्र हौदाच्या काठावर बसून राहिली.

भिवराचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती धीर धरून म्हणाली, "गुरुजी, टाकं अजून रुंद करायला हवं. पाणी वाढलं, की जोर वाढेल. मग चढेल वर."

धाकट्या गुरुजींना आपल्या कानांवर विश्वास बसेना. ते म्हणाले, "भिवरा, ओवी म्हण."

भिवरानं ओवी म्हटली. पाणी न मानी लहान-थोर, पाणी न जाणे बळ वा जोर. एक अक्षरही चुकलं नाही.

"मग?" गुरुजी म्हणाले.

"ते ओवीतलं झालं, गुरुजी," भिवरा अगदी निरागसपणे म्हणाली. "इथे खरं पाणी आहे."

धाकटे गुरुजी मटकन खाली बसले.

सुरुवातीला त्यांना राग आला. इतकी वर्षं शिकवलं, ते काय पालथ्या घड्यावर पाणी? पण राग फार वेळ टिकला नाही, कारण तो खोटा होता हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. भिवराच्या ओठांवर ओवी होती आणि पोटात तोच जुना मोठा रांजण बसलेला होता. तो तिथे आहे, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. कसं दिसणार? तो बाहेर येण्याआधीच गुरुजींनी दर वेळी उत्तर सांगून टाकलं होतं. मुलांचं रडू वाचवता वाचवता त्यांनी त्यांचं शिकणंच वाचवून ठेवलं होतं, कंजूष माणूस तूप वाचवतो तसं. त्यांना थोरल्या गुरुजींची इतकी आठवण आली, की छातीत कळ उठली.

राणीसरकार म्हणाल्या, "गुरुजी, पाडव्याला अजून अवकाश आहे. तुम्हाला उपाय ठाऊक आहे का?"

गुरुजींना उपाय ठाऊक होता. टाकं गावापेक्षा खाली होतं. मागच्या उंच डोंगरामुळे ते डोळ्यांना वर भासत होतं, एवढंच. वरच्या झऱ्याचा नळ टाक्याला वळसा घालून खालच्या नळाला जोडला असता तर काम झालं असतं. एका वाक्याचं काम. जिभेच्या टोकावर आलेलं ते वाक्य गुरुजींनी गिळलं.

"ठाऊक आहे, सरकार," ते म्हणाले, "पण आधी मला या गावातला एक रांजण आणि एक सुरई हवी आहे."

"पान्याविना रांजनाचं काय लोनचं घालता?" ठकूबाई फणकारली. पण गेली आणि दोन्ही घेऊन आली. कुंभाराच्या घरी या गोष्टींना तोटा नसतो.

गुरुजींनी भांडी जोडली, बोळा घातला, ओढ्यावरून आणलेलं पाणी रांजणात भरलं. मग मातीत रिंगणं ओढली आणि शिष्यांकडे वळून म्हणाले, "ओवी विसरा. तुमच्या मनाला जे खरं वाटतं, त्या रिंगणात खडा टाका. बोळा काढला तर काय होईल?"

शिष्य एकमेकांची तोंडं पाहू लागले. त्यांना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी भिवरा पुढे झाली आणि तिनं खडा टाकला, 'सुरई उतू जाईल' या रिंगणात. तिच्यामागे बरेच खडे तिथेच पडले. इतक्या वर्षांच्या ओव्या आणि इतके खडे! गुरुजींनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"आता शेजाऱ्याला पटवा," ते म्हणाले.

आधी कुजबुज झाली. मग एक जण म्हणाला, "असं कसं होईल?" दुसरी म्हणाली, "का नाही होणार?" आणि बघता बघता कालवा सुरू झाला. भिवरा हातवारे करून सांगत होती, "बैल वासराला ढकलतो की नाही? मग मोठं पाणी छोट्याला ढकलणारच!" कुंभारही गप्प बसेनात. कुणी रांजणाची बाजू घेतली, कुणी सुरईची. राणीसरकारांनीसुद्धा कुणाचं लक्ष नाही असं पाहून एक खडा हळूच टाकला. कुठे, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग गुरुजींनी बोळा काढला.

पाणी सुरईत चढलं आणि रांजणाच्या बरोबरीनं थांबलं.

भिवराचे कान लाल झाले, डोळे भरून आले. ती उठून जाऊ लागली. गुरुजींचे ओठ सवयीनं उत्तर द्यायला उघडले होते, ते त्यांनी मिटून घेतले. ते तिच्यामागे गेले आणि म्हणाले, "पोरी, तुला तसं का वाटलं?"

भिवरा हुंदके देत म्हणाली, "मोठं ते लहानाला ढकलतं, असंच सगळीकडे पाहिलंय, गुरुजी."

"मीही तसंच पाहिलं होतं," गुरुजी म्हणाले. "तुझ्याएवढाही नव्हतो, तेव्हा मीही याच रिंगणात उभा राहिलो होतो. रड हवं तर. पण रडून झालं, की रांजणापाशी परत ये."

भिवरा परत आली. डोळे पुसून ती त्या दोन भांड्यांकडे टक लावून पाहत बसली. मग तिनं सुरई दगडावर ठेवली. सुरईतलं पाणी मानेतून खाली उतरलं. तिनं सुरई पुन्हा खाली ठेवली आणि चौघांना हाताशी घेऊन रांजण दगडावर चढवला. सुरई भळाभळा वाहू लागली. मग तिनं रांजण काढला आणि तिथे तेवढ्याच उंचीवर एक लहानसं मडकं जोडून पाहिलं. सुरई तरीही वाहिली, मडक्यात पाणी ओतत राहिले तोवर वाहिली.

"म्हणजे पोट बघायचंच नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "फक्त उंची बघायची." आणि मग ती ताडकन उठून ठकूबाईकडे वळली. "मावशी, एक परात द्या!"

गावच्या कडेला परात काठोकाठ भरून ठेवली आणि पाण्याच्या सपाटीला डोळा लावून भिवरानं समोरच्या डोंगराकडे पाहिलं. मोठं टाकं पाण्याच्या रेषेखाली राहिलं होतं. करंगळीएवढा झरा रेषेच्या बराच वर होता.

"झरा बारीक आहे," तिचा एक सोबती म्हणाला.

"बारीक आहे, पण रात्रंदिवस वाहतोय," भिवरा म्हणाली. "त्याच्यापाशी छोटं कुंड बांधू, साठत राहील. आणि तो वर आहे!" यावरही दोघांचं भांडण जुंपलं, पण या भांडणातून उठले ते कुदळी घेऊनच.

कुंभारांनी पुन्हा भट्ट्या पेटवल्या. झऱ्यापासून जुन्या नळापर्यंत नवे नळ घालायचे होते आणि वाटेत खडक होते. गुरुजी टेकाडावरच राहिले. शिष्य येऊन विचारत, "गुरुजी, हे असं करू की तसं?" गुरुजी म्हणत, "तुला काय वाटतं? आणि शेजारणीला काय वाटतं?" सुरुवातीला मुलं चिडली. नंतर त्यांनी विचारणंच सोडलं आणि आपसांतच भांडू लागली. त्या कलकलाटात गुरुजी असे रमत, की एरवीचा संध्याकाळचा सुस्कारा त्यांच्या लक्षातच राहिला नाही.

आणि पाडवा उजाडला.

काम पुरं झालं होतं, पण जेमतेम. कारभाऱ्यांनी रिकाम्या गाड्या आणून गावाच्या तोंडाशी उभ्या केल्या होत्या. राणीसरकारांचा शब्द तो शब्द. सूर्य पश्चिमेच्या कड्याला टेकेपर्यंत पाणी आलं नाही, तर सामान भरायचं. काही घरांनी तर मडकी घडवायची चाकं आणून गाड्यांवर चढवलीही होती. ठकूबाईचं चाक मात्र अजून अंगणात होतं. ती त्याच्याजवळ बसून त्यावरून हात फिरवत होती.

झऱ्याचं पाणी सोडलं. नव्या नळात ते धावत शिरलं. वाटेत खडकाचा एक उंचवटा होता, नळ त्याच्यावरून चढून पलीकडे उतरला होता. पाणी उंचवट्यापर्यंत आलं आणि थांबलं. पलीकडे थेंबही जाईना.

मुलं धावत तिथे गेली. गुरुजीही काठी टेकत गेले. नळाला हात लावताच त्यांना कळलं. उंचवट्याच्या माथ्यावर नळात वारा कोंडला होता. माथ्यावर एक भोक पाडलं की झालं. त्यांनी मागे वळून पाहिलं. सूर्य कलला होता. समोर टेकाडावर माणसं सामान बाहेर आणताना मुंग्यांएवढी दिसत होती.

आता तरी सांगावं! एका गावाचं गाव उठतंय आणि आपण काय शाळा भरवून बसलोय? त्यांनी तोंड उघडलं, "भिवरा, अगं, त्या माथ्यावर…"

भिवरानं त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती नळाला कान लावून बसली होती. तिनं नुसता हात वर केला आणि म्हणाली, "थांबा गुरुजी, सांगू नका!"

गुरुजी गप्प बसले. जन्मात कधी इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. सूर्य कड्यापासून वीतभर अंतरावर उतरला की सांगायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि ओठ दातांखाली धरले.

"झरा या उंचवट्याच्या वर आहे," भिवरा बोलत होती. "म्हणजे पाणी इथे चढायलाच हवं. चढत नाही, म्हणजे आत दुसरं कुणीतरी बसलंय."

"आत कोण असणार? नळ रिकामाच होता," एक जण म्हणाला.

"रिकामी घागर पालथी करून पाण्यात दाबली, तर पाणी आत शिरतं का?" दुसरीनं विचारलं.

भिवराचे डोळे विस्फारले. "नळीत वारा कोंडे जेथे, पाणी रुसून बसे तेथे!" ती ओरडली. "अरे, ती ओवी याची आहे! इतकी वर्षं म्हणतेय मी ती, आणि ती याची आहे!"

तिनं छिन्नी उचलून माथ्यावर नळाला अलगद भोक पाडलं. सापानं फूत्कार टाकावा तसा वारा बाहेर पडला. मग एक ओली गुळणी, आणि मग पाणी. मुलांनी भोकावर ओल्या फडक्याचा आणि चुन्याचा बोळा दाबून धरला. "उद्या इथे झऱ्याएवढ्या उंचीची उभी नळी बसवू," भिवरा म्हणाली. "वारा येत राहील तसा जात राहील आणि पाणी सांडणार नाही." किती उंच नळी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली दरीत नळ गडगडला. चढावरची झाकणं एकामागून एक ओली झाली. सूर्य कड्याला टेकायच्या बेतात होता, तेव्हा गावच्या हौदात धार पडली. करंगळीएवढीच, पण थांबायचं नाव न घेणारी.

त्या धारेखाली ठकूबाईनं आधी हात धरला, मग तोंड धरलं, मग ती हौदाच्या काठावर बसून लहान मुलीसारखी रडली. गाड्यांवरची चाकं खाली उतरली. त्या संध्याकाळी गावात जो कल्ला झाला, तो समोरच्या डोंगरावर ऐकू येत होता.

गुरुजी गावात परत पोचले, तेव्हा ठकूबाईनं त्यांना गाठलं. "गुर्जी, खरं सांगा. ते भोकाचं तुमाला ठावं व्हतं न्हवं?"

"होतं."

"मग गप का बसलात? हितं आमचं काळीज तोंडाला आलं व्हतं!"

"माझंही आलं होतं, ठकूबाई," धाकटे गुरुजी म्हणाले. "मी सांगितलं असतं, तर पाणी थोडं आधी आलं असतं. पण उद्या नळ अडला, परवा फुटला, आणि मी या जगात नसलो, तर तुम्ही कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं?"

धारेखाली एक नवं मडकं भरून ठकूबाईनं ते गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजींनी आधी ते भिवराला प्यायला दिलं आणि मग आपण प्यायले.

पुढे धाकटे गुरुजी गेले. भिवराही म्हातारी झाली. त्या नळाला किती भूकंपाचे हादरे बसले, किती वेळा दरड कोसळून तो तुटला, त्याला गणती नाही. पण दर वेळी शाळेतली कुणीतरी मुलं येत, त्याच्याभोवती बसून कडाकडा भांडत आणि संध्याकाळच्या आत पाणी वाहतं करून जात. टेकाडावरची मडकी अजून घंटेसारखी वाजतात म्हणे.

तात्पर्य: सांगितलेलं उत्तर ओठांवर राहतं; चुकून, भांडून आणि पडताळून मिळवलेलं उत्तरच वेळेला हातात उतरतं.